ळ

जेवणाच्या सुट्टीनंतर, आठवी ब.
फळ्यावर मी दोन रांगा आखल्या,
डावीकडे जनावरं, उजवीकडे त्यांचे आवाज.
हॉर्स, ने. शीप, ब्लीट. वुल्फ, हाउल.
डाँकीला ब्रे दिला, पोरं एका सुरात ब्रे म्हणाली,
आणि खिडकीबाहेरचं कुंभाराचं गाढव
विचारल्यासारखं रेकलं.
वर्ग हसला. मीही.

काउ, लो.
रेवण उभा राहिला.
"सर, लो म्हंजे तर खाली."
हंबरणंही, मी म्हटलं.
"कोन्तं हंबरणं?"
बाजाराच्या गावचं पोरगं.
त्याला वासरू नजरेआड गेल्यावरचं ठाऊक,
पेंड उशिरा आली की धुसफुसतं ते ठाऊक,
टेम्पोची फळी वर सरकते तेव्हाचंही.
"ते गळ्यातून न्हाई येत सर, पोटातून येतंय."
माझ्या पुस्तकात एकच होतं, तीन अक्षरांचं.
मी पुढं सरकलो.

पिग, ग्रंट.
ग्रंट म्हंजे कसं, सर?
मी करून दाखवलं.
करायला नको होतं.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मन्मथप्पा!"
आणि चाळीस पोरं घशातून तोच आवाज काढू लागली,
अर्धवट, ओला,
रेवणच्या बापाचा.
रेवण शिसपेन्सिलीला टोक करत बसला.
टोक झालं होतं, तरी करत बसला.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम गेलो.
हाळीचा बाजार,
देवणी बैलांच्या रांगा, शिंगांना लाल गेरू,
शेणाचा आणि भज्यांचा एकच वास.
मन्मथप्पा जन्माचा मुका, आणि पंचक्रोशीतला पक्का हेडी.
सौदा टॉवेलखाली चालतो,
दोन हात एकमेकांची बोटं चाचपतात,
एवढे हजार, वर एवढे शे,
चेहऱ्यावर मात्र काही नाही.
भावाच्या वेळी तिथं सगळेच मुके.

दुपारी एक खोंड सुटला.
दावं फरफटत चहाच्या टपरीवरून थेट बांगड्यांच्या पालांत.
मग काय, हाकारे, शिट्ट्या, आईबहिणीवरून शिव्या,
एका म्हातारीनं तर बोंबच ठोकली,
आणि खोंड जास्तच बिथरला.
मन्मथप्पानं टॉवेल खांद्यावर टाकला.
जीभ टाळूला टेकवली, तिथंच धरली, मग सोडली.
एकच आवाज. लांब. फार मोठाही नाही.
आधी खोंडाचे कान वळले,
मग मान,
मग पाय.

रात्री मी शब्दकोश काढला.
बेलो, होलर, यॉल्प, व्हूप.
एकेक मनात म्हणून पाहिला,
एकालाही खोंड थांबला नसता.

सोमवारी वह्या तपासल्या.
रेवणनं यादी पूर्ण उतरवली होती, ग्रंटसकट.
खाली रेघ मारून एक ओळ स्वतःची,
डावीकडे बाबा, उजवीकडे हाळी.
पुढं इंग्रजीत लिहायला घेतलेलं,
एच, ए, आणि मग खोडाखोड
कागद फाटेपर्यंत.

मधल्या सुट्टीत तो टेबलाशी आला.
"सर, इंग्रजीत ळ न्हाई का?"
नाही.
"म्हनून फाट्यावरच्या पाटीवर हाली लिवलंय व्हय?"
म्हणूनच.
मी मनात मोजत होतो,
आरोळी, किंकाळी, डरकाळी, खिंकाळी,
सगळ्यांच्या शेवटी तो होता.
आधी कधी दिसला कसा नाही?

रेवणनं वही उचलली.
"आमच्या बाबाला तेवढंच येतंय," तो म्हणाला,
आणि पाणी प्यायला गेला.